कार्ट्रिजमधली धून, झोक्याची लय : जुन्या व्हिडिओगेमचं संगीत खान्देशी ढंगात कसं बांधायचं

जुन्या व्हिडिओगेमची एखादी धून घ्यायची, खाली ढोलकीचा तयार लूप लावायचा, वर बासरी ठेवायची आणि त्याला 'खान्देशी व्हर्जन' म्हणायचं, असे प्रयोग बरेच ऐकायला मिळतात. वाद्यं आपली असतात, पण पाय हलत नाहीत. धूनेची लय परकीच राहिलेली असते आणि ढोलकी तिच्यामागे फरफटत जाते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की आधी लय बदला, मग गळा बदला आणि वाद्यांचा विचार सगळ्यात शेवटी करा. हा क्रम सांभाळलात तर नुसत्या टाळ्यांवर गायलेली धूनसुद्धा जळगाव-धुळ्याकडची वाटेल. उलट गेलात तर दहा वाद्यं घालूनही ती उपरीच राहील.

सुरुवातीला लागतं फारच थोडं : एक फोन, हेडफोन, पेटी किंवा फोनमधलं कीबोर्डचं ॲप, आणि वही-पेन. स्टाफ नोटेशन येत नसलं तरी चालेल. सरगम लिहिता आली की पुरे, आणि ती नसेल येत तर हा लेख वाचता वाचता येईल.

आधी त्या चिपचा स्वभाव ओळखा

१९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डोचं फॅमिकॉम आलं. आपल्याकडे नव्वदीत घराघरांत जे टीव्हीला जोडायचे व्हिडिओगेम आले, ते बहुतेक याच यंत्राच्या नकला होत्या. त्यातल्या ध्वनिचिपला एका वेळी पाचच आवाज काढता यायचे. दोन 'पल्स' आवाज, म्हणजे आपल्याला आठवतात ते पिपाणीसारखे टोकदार सूर. एक 'ट्रँगल', मऊ आणि बहुधा खर्जासाठी वापरलेला. एक 'नॉइज', म्हणजे नुसती खसखस, जिच्यातून झांज आणि ठोके बनवायचे. पाचवा आवाज आधी रेकॉर्ड केलेले छोटे तुकडे वाजवायचा. ट्रँगलचा आवाज कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती. तो एकतर वाजायचा, नाहीतर बंद.

इथे एक गंमत ध्यानात ठेवा. पल्स आवाजाची धार किती, हे त्या चिपमध्ये चार ठरावीक प्रमाणांत निवडता येतं : साडेबारा, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर टक्के. नकली यंत्रांतल्या पुष्कळ चिपांमध्ये यातल्या पंचवीस आणि पन्नासची अदलाबदल झालेली होती. त्यामुळे लहानपणी घरी ऐकलेली धून आणि आज मूळ यंत्रावरून रेकॉर्ड केलेली धून कानाला थोडी वेगळी लागते. तुमची आठवण चुकलेली नाही, आपल्या यंत्राचा आवाजच तसा होता. आपण ज्या आवाजावर वाढलो त्याच्याशी इमान राखायचं, की संगीतकाराने बांधलेल्या आवाजाशी, हे ज्याने त्याने ठरवावं. मी दोन्ही ऐकून घेतो.

पाच आवाजांत सगळा डोलारा उभा करायचा, म्हणून त्या संगीतकारांनी युक्त्या शोधल्या. एका पल्सवर चाल ठेवायची आणि दुसऱ्यावर तीच चाल किंचित उशिरा, हळू आवाजात वाजवायची, की मोठ्या दालनात घुमल्याचा भास होतो. तीन स्वर एकत्र वाजवायला जागा नसेल तर तेच तीन स्वर एकामागून एक इतके भरभर फिरवायचे, की कानाला ते एकत्र वाटतात.

आता हीच वाटणी आपल्या मंडळींकडे बघून करा. पहिला पल्स म्हणजे मुख्य गाणारा. दुसरा पल्स म्हणजे झीलकरी, मागून ओळ उचलणारे. ट्रँगल म्हणजे ढोलाचा घुमारा. नॉइज म्हणजे टाळ, झांज, घुंगरू. वहीगायनाच्या, म्हणजे खान्देशातल्या गटाने गायच्या लोकगायनाच्या, रात्री मुख्य गायक ओळ टाकतो आणि बाकीची मंडळी ती झेलतात. चिपमधल्या दोन पल्सांचं नातं अगदी हेच आहे. हे एकदा दिसलं की कोणता आवाज कोणाला द्यायचा यावर डोकं खाजवावं लागत नाही.

धून निवडताना

पहिली परीक्षा सोपी आहे. धून शब्दांशिवाय 'ला ला' करत गुणगुणता येते का? येत असेल तर ती गळ्याची आहे, नसेल तर वाद्याची. दोन्ही घेता येतात, फक्त त्यांचा रस्ता वेगळा.

१९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची मुख्य धून सगळ्यांना आधी आठवते. कोजी कोंडो यांची ही रचना अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०२३ मध्ये जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत घेतली, आणि व्हिडिओगेमच्या संगीताला तो मान तेव्हा पहिल्यांदा मिळाला. तरी नवख्या माणसाने तिला हात घालू नये असं माझं मत आहे. तिच्यातले ठोके मात्रेच्या मधल्या फटींत पडतात, आणि स्वरही एका थाटात, म्हणजे सात स्वरांच्या एका ठरावीक संचात, राहत नाहीत. ती सपाट केलीत तर तिची मजाच जाते. त्याच खेळातली जमिनीखालची धून मात्र घेण्यासारखी आहे. तिच्यात एकच स्वर खालच्या आणि वरच्या सप्तकात उड्या मारतो आणि मध्ये मोकळी जागा सोडलेली असते. संबळ वाजवणाऱ्याला ती ऐकवून बघा. संबळाचं एक अंग खर्जात घुमतं, दुसरं टिपेला बोलतं. त्या उड्या त्याच्या दोन काठ्यांखाली आपसूक येतात, आणि मोकळ्या जागेत काय भरायचं हे त्याला सांगावं लागत नाही.

'कॉन्ट्रा'सारख्या मारधाडीच्या खेळांचं संगीत गळ्याचं नाही. ते बेंजोला द्या. बेंजो म्हणजे आपला टाइपरायटरसारखी बटणं असलेला, वरातीत भोंग्यातून वाजणारा. त्याचा छेडलेला, पातळ, टोकदार आवाज पल्सच्या इतका जवळचा आहे की चाल जवळजवळ तशीच उतरते.

पहिल्या खेपेला मात्र माझी शिफारस एकच : 'टेट्रिस'. १९८९ मध्ये गेमबॉयवर, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, आलेल्या टेट्रिसची पहिली धून. ही चाल मुळात रशियातलं जुनं लोकगीत आहे, 'कोरोबेइनिकी'. निकोलाय नेक्रासोव्ह यांच्या १८६१च्या कवितेवरून आलेलं हे गाणं पाठीवर माल घेऊन गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याचं आहे. गेमबॉयसाठी त्याची मांडणी हिरोकाझू तानाका यांनी केली. लोकगीत असल्यामुळे चाल कोणाच्या मालकीची नाही, हा एक फायदा. दुसरा असा, की मुख्य चाल बरोबर एका सप्तकात बसते, मध्य सा ते तार सा. आजीपासून नातीपर्यंत कोणालाही ती गाता येते.

स्वर कानाने काढा

इंटरनेटवर तयार नोटेशन मिळतं, पण पहिली धून कानानेच काढावी. ज्या जागी तुम्ही अडता, त्याच जागी पुढे तुमची स्वतःची हरकत सुचते. फोनवर धून अर्ध्या वेगाने लावा आणि एक-एक तुकडा पेटीवर शोधा. फारच गुंता असेल तर संगणकावर फॅमिस्टुडिओ नावाचं मोफत सॉफ्टवेअर मदतीला येतं. त्यात फॅमिकॉमच्या खेळांच्या संगीताच्या फाइली उघडून प्रत्येक आवाज वेगळा ऐकता येतो.

टेट्रिसच्या धूनेत ग, ध, नि कोमल आहेत आणि रे शुद्ध, म्हणजे आसावरी थाटाचे स्वर. खाली सगळीकडे ग, ध, नि कोमलच धरा. मूळ चाल आठ-आठ मात्रांची आहे ('–' म्हणजे आधीचा स्वर एक मात्रा लांबवायचा, 'सां' म्हणजे तार सा) :

प – रे ग म – ग रे
सा – सा ग प – म ग
रे – – ग म – प –
ग – सा – सा – – –

आणि दुसरं अंग :

म – – ध सां – नि ध
प – – ग प – म ग
रे – रे ग म – प –
ग – सा – सा – – –

खेळात यानंतर लांबलांब स्वरांचा आणखी एक भाग येतो. सध्या तो सोडून द्या.

लय बदला : खरं काम इथे आहे

वरच्या ओळी टाळी देऊन म्हणून बघा. चार-चारची पावलं पडतात. केरव्याचा ठेका लावला तर लागेल, पण लूपवाल्या व्हर्जनची तीच अडचण इथेही येते. चाल शिपायासारखी ताठ चालत राहते. झोक्याची गाणी, फेर धरून म्हटलेली गाणी, होळीभोवतीचा नाच, यांत माझ्या कानाला तीन-तीनची झूल ऐकू येते. म्हणून चाराचे तीन करायचे.

हे करायला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही. मूळ ओळीत दर चार मात्रांत पहिला स्वर दोन मात्रांचा आणि पुढचे दोन एकेक मात्रेचे आहेत. त्या पहिल्या स्वराची एक मात्रा कापा. 'प – रे ग'चं 'प रे ग' होईल, 'म – ग रे'चं 'म ग रे' होईल. जिथे 'रे – – ग' आहे तिथे 'रे – ग' करा, आणि 'म – प –' असेल तर शेवटची मोकळी मात्रा काढून 'म – प' ठेवा. मग सगळी चाल दादऱ्याच्या सहा मात्रांत अशी उतरते :

प रे ग । म ग रे
सा सा ग । प म ग
रे – ग । म – प
ग – सा । सा – –

म – ध । सां नि ध
प – ग । प म ग
रे रे ग । म – प
ग – सा । सा – –

आता मांडीवर 'धा धी ना, धा ती ना' धरून म्हणा. एकही स्वर बदललेला नाही, तरी चाल दुसऱ्याच गावाची झाली. टेट्रिस खेळलेला माणूस दुसऱ्याच ओळीला ओळखतो आणि न खेळलेल्याला ते जुनं गाणं वाटतं. माझ्या मते चांगल्या मांडणीची हीच खूण. ओळख पुसायची नाही, आणि परकेपणही ठेवायचं नाही.

वेग किती ठेवायचा? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाच्या झाडाला बांधलेला झोका नजरेसमोर आणा. दोर साधारण चार मीटरचा असेल तर झोका जाऊन परत यायला सुमारे ४ सेकंद लागतात, मग वर बसलेली पोरगी असो की बाई. वेळ दोराच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. त्या चार सेकंदांत आपल्या सहा मात्रा बसवल्या तर मिनिटाला ९० मात्रा येतात. 'प रे ग' म्हणताना झोका पुढे जातो, 'म ग रे' म्हणताना मागे येतो. मेट्रोनोमवर आकडे फिरवत बसण्यापेक्षा हा हिशेब जास्त खरा आहे, कारण ही गाणी त्याच हालचालीवर घडली. दोर आखूड, तर गाणं जलद.

वरातीसाठी हीच चाल बरीच चढवावी लागते. तिथे मात्रा मोजू नका. दर तीन मात्रांना एक ठोका धरा आणि ते ठोके मिनिटाला १००च्या आसपास ठेवा. नाचणाऱ्याचा पाय या ठोक्यावर पडतो.

ढंग एकच निवडा

खान्देशी म्हणून एकच एक संगीत नाही. तापीकाठच्या गावातल्या बायकांचं झोक्यावरचं गाणं, भुसावळ-चाळीसगावकडची बँडची वरात, आणि सातपुड्यात अक्कलकुव्याच्या काठी गावची होळी, या तीन निरनिराळ्या जगांच्या गोष्टी आहेत. नवखी माणसं उत्साहात तिन्ही एकाच गाण्यात कोंबतात. तसं करू नका.

झोक्याचा ढंग घेतलात तर वाद्यं जवळजवळ नकोतच. दोन-तीन बायकांचे आवाज, टाळ्या, फार तर खाली सा-प धरणारं तुणतुणं. मूळ धूनेखालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, पूर्ण सोडून द्या. आपल्या कानाला इथे स्थिर सा लागतो, आणि आसावरीच्या स्वरांना तो पुरतोही. कॉर्ड काढल्यावर धून रिकामी वाटेल अशी भीती असते. वाटली तर झीलकऱ्यांना ओळीचा शेवटचा तुकडा परत म्हणायला सांगा. चिपमधल्या दुसऱ्या पल्सचा प्रतिध्वनी म्हणजे हाच.

वरातीचा ढंग घेतलात तर पहिल्या अंगाला बेंजो किंवा क्लॅरिनेट, दुसऱ्या अंगाला ट्रम्पेट, खाली ढोल-ताशा. बेंजोवर लांब स्वर टिकत नाही, तो भरभर छेडून धरावा लागतो. दादऱ्याच्या मांडणीत लांब स्वर थोडेच उरतात, म्हणून ही धून बेंजोला सोयीची पडते. बँडवाल्यांना तुमच्या पट्टीत ओढू नका. त्यांना सोयीची पट्टी कोणती ते विचारा आणि सा तिथे ठेवा. वरातीत शेवटाकडे रे कोमल करून बघा. चारही स्वर कोमल झाले की भैरवीचे स्वर होतात आणि तीच चाल एकदम निरोपाची वाटू लागते. बँडमास्तरला हे समजावून सांगावं लागत नाही, 'आखरीले भैरवी' एवढं म्हटलं की त्याची बोटं फिरतात.

सातपुड्याचा ढोल, मांदल (तालवाद्य), पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) हे काम मात्र शिकण्याच्या पहिल्या टप्प्यावरचं नाही. तिथला मोठा ढोल धूनेला साथ देत नाही. धून ढोलाच्या पोटात राहते. भिल्ल, पावरा मंडळींच्या संगतीत बसल्याशिवाय, त्यांच्यातल्या वाजवणाऱ्याला बरोबर घेतल्याशिवाय तो आवाज वापरू नये असं मला मनापासून वाटतं. इंटरनेटवरून उचललेला 'ट्रायबल' लूप टाकून त्याला नंदुरबारचं नाव देणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

कानबाईच्या गाण्यांबद्दलही एक सांगतो. श्रावणात घरोघरी कानबाई बसते, रोट होतात, रात्र जागवली जाते आणि बाया गातात. ती देवीची गाणी आहेत. त्यांच्या गायकीतून शिकायला खूप मिळतं : सूर कुठे सोडायचा, ओळ कशी फेकायची, दोन गट एकमेकांना कसे उत्तर देतात. शिकून घ्या. पण देवीच्या गाण्याची प्रत्यक्ष ओळ उचलून तिला खेळाच्या धूनेवर बसवायचं नाही.

गळा : दोन-तीन जागाच पुरतात

चिपमधला स्वर सरळ लागतो आणि सरळ सुटतो. आपल्या गळ्यात तो तसा सुटत नाही. तरी प्रत्येक स्वरावर मुरकी घातली तर चाल हरवते. या धूनेत मी तीन जागा धरतो. पहिली, 'रे – ग'. इथे रे वरून कोमल ग कडे जाताना तुटक न जाता ओढत जायचं. दुसरी, 'म – प'. इथे प ला ध चा हलका कण, म्हणजे ओझरता स्पर्श, लावायचा. तिसरी, ओळीच्या शेवटचा सा. तो धरून ठेवायचा नाही. झोक्यावर गाणाऱ्या बाया शेवटचा स्वर अर्ध्यात सोडतात, श्वासासकट, आणि पुढची ओळ दुसरीच कोणी उचलते. शास्त्रीय शिकलेल्या मुलींना ही सवय मोडायला वेळ लागतो. त्या शेवटचा सा सुंदर लावतात आणि गाणं बैठकीत जाऊन बसतं. आवाज मोकळा, सपाट, थोडा कडक असू द्या.

शब्द घालायचे तर

घालाच असं नाही. पण घातले तर अहिराणीत घाला, आणि कमी घाला. खेळाची गोष्ट सांगू नका. ठोकळे पडतात, रांग भरते, असलं वर्णन दोनदा ऐकून कंटाळा येतो. चालीचा भाव बघा. ही चाल वाटेवरच्या माणसाची आहे, येण्याजाण्याची आहे. आखाजीला सासुरवाशिणीला न्यायला भाऊ येतो, तो भाव तिच्यावर छान बसतो. पहिल्या अंगाच्या चार ओळींसाठी उदाहरण म्हणून :

भा ऊ उ । ना वं ऽ
भा ऊ उ । ना वं ऽ
मा ऽ हेर । ना ऽ ऽ
भा ऽ ऊ । ऽ ऽ ऽ

'भाऊ उना वं, भाऊ उना वं, माहेरना भाऊ.' म्हणजे भाऊ आला गं, माहेरचा भाऊ. अक्षरं वरच्या स्वरांखाली ठेवून बघा. 'माहेरना' मधला 'ना' म वर सुरू होऊन प वर जातो, म्हणजे मघाशी सांगितलेल्या कणाची जागा अक्षराच्या लांबण्यातून आपोआप मिळते. शब्द लिहून झाले की घरातल्या जुन्या माणसाला म्हणायला लावा. धुळ्याकडची अहिराणी, जळगावकडची बोली आणि बागलाणची बोली यांत फरक आहे. जे गाणारीच्या तोंडात आहे ते राहू द्या.

रेकॉर्डिंग

लोकवादकांना हेडफोनमधल्या टिकटिकीवर वाजवायला लावू नका. उलटं करा. धून त्यांना गाऊन दाखवा, लय त्यांना धरू द्या आणि त्यांचा ढोल किंवा डफ आधी रेकॉर्ड करा. चार मिनिटं सलग. मग त्या लयीवर बाकी सगळं चढवा. लय शेवटाकडे थोडी चढेल. चढू द्या. खेळाची धून यंत्रासारखी एकाच वेगाने फिरत राहते, माणसं वाजवत असली की गाणं तापत जातं. हा फरक तुमच्या कामातून ऐकू आलाच पाहिजे.

फोनवर रेकॉर्ड करत असाल तर ढोलापासून सहा-आठ फूट लांब ठेवा. आधी सगळ्यात जोराचा ठोका वाजवून घ्या आणि तो फाटत नाही ना ते ऐका. गाणाऱ्याचा आवाज वेगळा घ्या, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला. पत्र्याच्या खोलीत काम करू नका. गोधड्या टांगलेली मातीच्या भिंतींची खोली मिळाली तर फार चांगलं. मे महिन्यात कूलर-पंखे बंद करून दुपारी रेकॉर्डिंग करणं म्हणजे माणसांचा छळ आहे, तेव्हा पहाट धरा. पावसाळ्यात डफाचं कातडं सैल पडतं, तो शेकून घ्यायला वेळ ठेवा.

लगनसराईत बँडवाले मिळणार नाहीत आणि मिळाले तरी दमलेले असतील. चातुर्मासात विचारा. बिदागी आधी ठरवा आणि काम झाल्या झाल्या हातात द्या. गाणं पुढे कुठे टाकणार आहात तेही सांगा, आणि तिथे त्यांचं नाव कसं हवं ते त्यांनाच विचारा.

जोडणीसाठी ऑडेसिटी मोफत आहे, फोनवरच करायचं असेल तर बँडलॅब चालतं. मिसळताना आवाज मध्यभागी, झीलकरी दोन्ही बाजूंना, ढोल मागे. कृत्रिम घुमारा शक्यतो लावू नका, झील आहेच. मूळ चिपचा आवाज थोडा ठेवायचा मोह होतो. ठेवायचाच तर अगदी सुरुवातीला एक ओळ चिपवर वाजू द्या आणि दुसऱ्या ओळीला गळ्याने ती उचलावी. पुढे पूर्ण गाण्यात तो परत आणू नका.

गाण्याची लांबी तीन-चार मिनिटं. खेळातली धून फेऱ्यांवर फेऱ्या घेत राहते, पण ऐकणाऱ्याला मुखडा-अंतरा लागतो. पहिलं अंग मुखडा, दुसरं अंग अंतरा, दोन अंतऱ्यांच्या मध्ये नुसता ठेका, आणि शेवटी लय चढवून मुखडा.

हक्कांची बाजू

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची नवी मांडणी करणं हे 'रूपांतर' धरलं जातं, आणि रूपांतराचा हक्क मूळ हक्कदाराचा असतो. हे संरक्षण संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतं. म्हणजे मारिओ किंवा कॉन्ट्राची धून घरी शिकायला, मित्रांत वाजवायला घेतली तरी ती विकण्याआधी किंवा त्यातून पैसे मिळवण्याआधी परवानगी लागते. यूट्यूबवर अशा धुना आपोआप ओळखल्या जातात आणि दावा लागू शकतो. 'मी सगळं नव्याने वाजवलं' हे उत्तर तिथे चालत नाही, कारण चाल त्यांची असते.

कोरोबेइनिकीची चाल मोकळी आहे, पण तानाका यांची गेमबॉयवरची मांडणी मोकळी नाही. म्हणून खेळातला खर्ज आणि दुसऱ्या पल्सची जोडचाल जशीच्या तशी उचलू नका. वर दिलेली नुसती मुख्य चाल आणि तिच्याखाली तुमचा स्वतःचा ठेका, एवढंच घ्या. आपल्या लोकगीतांच्या बाबतीतही हे ध्यानात असू द्या. पारंपरिक चाल सगळ्यांची असली तरी एखाद्या शाहिराने किंवा गायिकेने बांधलेलं अहिराणी गाणं त्यांचं असतं.

गाणं टाकताना खाली एवढं लिहा : चाल – रशियन लोकगीत, टेट्रिसमुळे परिचित. मांडणी – तुमचं नाव. त्याखाली गाणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची पूर्ण नावं, प्रत्येकाच्या गावासकट, त्यांनी ज्या रीतीने सांगितली तशी.